'द ग्रीन रोड'च्या सत्तराव्या पानावर अडकलात तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: अ‍ॅन एनराइट यांची 'द ग्रीन रोड' वाचायला घेतली. पहिलं प्रकरण आवडलं. दुसऱ्यात गोष्ट एकदम न्यूयॉर्कला जाते, ओळखीचं कुणी उरत नाही, आणि मग वाचन थांबतं. इंग्रजी कादंबऱ्या वाचायची सवय आहे, पण यात कथानकच सापडत नाही. आयरिश संदर्भ माहीत नसताना पुढे जाण्यात अर्थ आहे का, आणि जायचं तर कसं?

अर्थ आहे. अडचण तुमच्या इंग्रजीची नाही. आयर्लंडबद्दल फार माहिती लागते असंही नाही, जी लागते ती पाऊण तासात मिळते. खरी अडचण अशी की तुम्ही कथानक प्रकरणांमध्ये शोधताय आणि ते प्रकरणांच्या मधे आहे.

कादंबरी 2015 ची, साधारण तीनशे पानांची. मॅडिगन कुटुंबाची आई रोझलीन, वडील पॅट, आणि कॉन्स्टन्स, डॅन, एमेट, हॅना ही चार मुलं. पहिल्या भागात पाच प्रकरणं आहेत आणि प्रत्येकावर एक नाव, एक साल, एक ठिकाण. हॅना, 1980, क्लेअर परगण्यातलं आर्डीव्हिन नावाचं राहतं घर. डॅन, 1991, न्यूयॉर्क. कॉन्स्टन्स, 1997, लिमरिक. एमेट, 2002, आफ्रिकेतल्या माली देशातलं सेगू. शेवटी स्वतः रोझलीन, 2005, पुन्हा आर्डीव्हिन. दुसऱ्या भागात 2005 च्या नाताळाला सगळे घरी येतात.

आता या सालांमधली अंतरं मोजा: अकरा वर्षं, सहा, पाच, तीन. घर जवळ येतं तसं अंतर कमी होत जातं. या फटींमध्ये लग्नं होतात, बाळं होतात, वडील जातात, आणि यातलं बरंचसं लेखिका दाखवतच नाही. पुढच्या प्रकरणात एखाद्या अर्ध्या वाक्यातून कळतं. म्हणून प्रकरण सुरू करताना 'मागचं कुठे गेलं?' असं न विचारता 'मधे काय होऊन गेलं असेल?' असं विचारायचं. एवढा एक प्रश्न बदलला तरी पुस्तक बरंच सरळ होतं.

त्यासाठी एक कागद घ्या. कागदच, फोनवरची टिपणं नकोत, कारण सगळं एका नजरेत दिसायला हवं. पाच ओळी आखा आणि सालं लिहून ठेवा. सुरुवातीला हॅना बारा वर्षांची आहे, म्हणजे शेवटच्या नाताळात सदतीस. 2005 मध्ये रोझलीन शहात्तर, म्हणजे पहिल्या प्रकरणात ती फक्त एकावन्न वर्षांची होती. हे गणित जरूर करा. बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी बघताना ती आपल्याला म्हातारी वाटते, आणि तिथेच आपण पहिल्यांदा फसतो. मग प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी टिपा: या प्रकरणात कोण हजर नाही पण ज्याचं नाव निघतं, आईचा विषय कुठे आणि कुठल्या सुरात येतो, कोण कुणाला काय खायला घालतं. तिसरी गोष्ट विचित्र वाटेल. तिचा उपयोग पुढे सांगतो.

पहिलं प्रकरण तुम्हाला आवडलं आहे, तरी ते परत वाचा. घटना छोटी आहे. डॅन जेवणाच्या टेबलावर सांगतो की तो पाद्री होणार. आई रडते, खोलीत जाऊन पलंगावर पडते आणि दिवसचे दिवस उठत नाही. घरात याला मुलांनी नाव ठेवलंय: 'आडवा उपाय'. दोन शब्दांची ही घरगुती थट्टा बरंच सांगून जाते. आईचं हे काही पहिल्यांदा नाही. मुलं घाबरलेली नाहीत, सरावलेली आहेत. आणि ही थट्टा डॅनची आहे, म्हणजे आईला नावं ठेवण्याची मुभा तिच्या लाडक्याकडे आहे.

मराठी वाचक इथे बहुतेकदा असं समजतो की मुलगा संसार सोडणार म्हणून आई रडतेय. अर्धं बरोबर आहे. पण कॅथलिक आयर्लंडमध्ये घरातला एक मुलगा पाद्री होणं हा पिढ्यान्‌पिढ्या मान होता. आया त्यासाठी नवस बोलत. 1979 च्या सप्टेंबरात पोप आयर्लंडला येऊन गेले होते आणि लाखोंची गर्दी लोटली होती. त्यानंतर काहीच महिन्यांनी ही बातमी ऐकून एखादी आई अंथरूण धरत असेल तर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोलण्यासारखं नाही. तेव्हा ती नक्की कशासाठी रडतेय, हा प्रश्न तसाच उघडा ठेवा. लेखिकाही तो मिटवत नाही. जुन्या आयर्लंडमधली एक चाल माहीत असलेली बरी: अमेरिकेला निघालेल्या मुलाला आदल्या रात्री निरोप देताना मयताला जागावं तसं जागत, कारण तो पुन्हा दिसायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. रोझलीनचं पडून राहणं त्या चालीशेजारी ठेवून बघा.

आई पडलेली असते तेव्हा हॅना स्वतःच टोस्टवर चीज घालून खाते. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात हे आहे. मग आई तिला मामाच्या औषधाच्या दुकानात सॉल्पाडीन आणायला पाठवते. सॉल्पाडीन हे साधं डोकेदुखीचं औषध वाटतं, पण त्यात कोडीन असतं, म्हणजे अफूच्या कुळातलं, हलकी गुंगी आणणारं द्रव्य. तिथल्या वाचकाला हे न सांगता कळतं. आपल्याला कळावं म्हणून सांगितलं, नाहीतर ते वाक्य आपण क्रोसिन आणायला पाठवल्यासारखं ओलांडून जाऊ.

आता न्यूयॉर्क. बहुतेक वाचक इथेच पुस्तक ठेवतात, म्हणून इथे जरा थांबतो.

साल 1991. एड्सवर खरोखर गुण देणारी एकत्रित औषधं 1996 च्या आसपास आली. त्याआधी हा आजार म्हणजे बहुतेकांसाठी मरणच. प्रकरण समलिंगी पुरुषांच्या एका मित्रमंडळाचं आहे, आणि ते सांगणारा आवाज 'वी' असा अनेकवचनी आहे. इथे मराठी वाचकाला एक सोय आहे जी इंग्रजी वाचकाला नाही. इंग्रजीत एकच 'वी', आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन. प्रकरण वाचताना मनात 'आम्ही' धरा. हे मंडळ तुम्हाला आत घेत नाही. ते आपसांत बोलतं, तुम्ही दाराशी उभे राहून ऐकताय. डॅनही दाराशीच उभा आहे. तो आयर्लंडहून आलाय, इझाबेल नावाची मुलगी त्याच्या आयुष्यात आहे, तिच्याशी लग्न करायचं त्याच्या डोक्यात आहे, आणि इथे जे चाललंय त्यात आपण नाही असं तो स्वतःला सांगत राहतो. आयर्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध 1993 पर्यंत कायद्याने गुन्हा होते, म्हणजे हे प्रकरण घडतं तेव्हाही.

डॅनच्या मनात काय आहे ते लेखिका सांगत का नाही, अशी तक्रार हमखास येते. कारण ते डॅनलाच माहीत नाही. बाहेरून तो देखणा, गोड आणि थंड दिसतो, मंडळाला जसा दिसतो तसाच आपल्याला. पुढे 2005 मध्ये टोरांटोच्या भागात तो आतून दिसतो, तेव्हा हा फरक लक्षात येईल. आणि 'आम्ही' म्हणणारा हा आवाज म्हणजे काय? ज्या मंडळातली माणसं एकेक करून जातायत त्याला 'मी' म्हणून बोलायला माणूसच उरत नाही. 'आम्ही'तली संख्या प्रकरणभर कमी होत जाते.

इथे करायचं काय: नावं खूप आहेत, सगळी लक्षात ठेवायची नाहीत. बिली, ग्रेग आणि डॅन एवढी तीन धरा. बाकीची मंडळी कोरसमध्ये आहेत. प्रकरण एका बैठकीत संपवा, फार तर दोन. तुकड्यातुकड्यांनी वाचलं की तो आवाज तुटतो आणि उरतात फक्त नावं.

लिमरिकच्या प्रकरणात कॉन्स्टन्स स्तनांच्या तपासणीसाठी हॉस्पिटलात बसली आहे. वाट बघणाऱ्या बायका आणि त्यांच्या गप्पा, एवढंच. 'काहीच घडत नाही' हा शेरा इथे खरा आहे आणि त्याला हरकतही नाही. चौघांमधली हीच एक घरापासून हाकेच्या अंतरावर राहिली, लग्न केलं, मुलं वाढवली, आईचं बघितलं. आणि या घरात तिची किंमत सगळ्यात कमी. ज्या घरातली बाकीची मुलं परदेशी आणि एक लेक गावातच आहे, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सेगूच्या प्रकरणात एमेट मदतसंस्थेचं काम करतो आणि अ‍ॅलिस नावाच्या मैत्रिणीबरोबर राहतो. अ‍ॅलिस एक भटका कुत्रा घरात घेते आणि घरात काम करणाऱ्या माणसाला ते रुचत नाही. पुष्कळ जण हे फाटा फुटलेलं प्रकरण समजून चाळतात. तुमच्या कागदावरची तिसरी गोष्ट इथे काढा. आजूबाजूला भूक आहे आणि घरात कुत्र्याला खाऊ घातलं जातंय. उपाशी माणसांसाठी आयुष्य वेचणाऱ्या एमेटला समोरच्या एका माणसावर प्रेम करणं का जमत नाही, याचं उत्तर आर्डीव्हिनच्या स्वयंपाकघरात आहे. लेखिका ते जोडून देत नाही, टोस्ट आणि चीज आठवणाऱ्यावर सोडते.

हाच धागा पुढे नाताळच्या खरेदीला जाऊन पोचतो, आणि माझ्या मते पुस्तकातली सर्वांत नेमकी पानं ती आहेत. 25 डिसेंबरला आयर्लंडमध्ये दुकानं बंद असतात, त्यामुळे आदल्या दिवशी सुपरमार्केटमध्ये अख्खं राज्य लोटतं. कॉन्स्टन्स ट्रॉली भरत जाते. यादी लांबत जाते, वाक्यं लांबत जातात, एकेकाच्या आवडीचं काहीतरी आठवून ती परत मागे वळते, आणि बिल चारशे युरोंच्या वर जातं. घरी जाताना गाडीत तिच्या लक्षात येतं की बटाटेच राहिले. क्षणभर मनात येतं, गाडी थांबवावी, कुठल्यातरी शेतात शिरावं आणि हातांनी माती उकरून बटाटे काढावेत.

हे विनोदी आहे, हसू आलं तर येऊ द्या. पण 1845 ते 1852 या काळात याच मातीत बटाट्याचं पीक रोगाने कुजलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. क्लेअर हा त्यात फार होरपळलेला परगणा. 2005 चं आयर्लंड त्याच्या तोवरच्या इतिहासातलं सर्वांत पैसेवालं आयर्लंड होतं. चारशे युरोंची ट्रॉली आणि उकरलेली माती एकाच बाईच्या डोक्यात, एका वाक्याच्या अंतरावर. लेखिका 'दुष्काळ' हा शब्द तिथे वापरत नाही. ज्याने इतिहास वाचला नाही त्यालाही बाई पुरती दमलेली दिसतेच. वाचलेल्याला आणखी एक थर दिसतो. संदर्भ माहीत नसताना वाचावं का, याचं उत्तर या एका प्रसंगात आहे.

2005 हे साल गोष्टीच्या सोयीने निवडलेलं नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून आयर्लंडमध्ये भरभराट होती आणि घरांचे भाव चढत होते. 2007 मध्ये ते शिखराला पोचले, 2008 पासून सगळं कोसळलं, आणि 2010 च्या शेवटी देशाला युरोपकडून आणि नाणेनिधीकडून मदत घ्यावी लागली. 2015 मध्ये पुस्तक हातात घेणाऱ्या आयरिश वाचकाला हे सगळं भोगून माहीत होतं. म्हणून रोझलीन नाताळच्या पत्रांतून मुलांना कळवते की ती घर विकणार आहे, तेव्हा त्या वाचकाला एकाच वेळी दोन गोष्टी सुचतात: 'अगं नको' आणि 'आत्ताच विक'.

इथे मराठी वाचकाची दुसरी मोठी गफलत होते. घर, चार भावंडं, म्हातारी आई आणि विक्री म्हटलं की आपल्या डोक्यात वाटणी, हिस्सा आणि सातबारा सुरू होतो. मुलं आपापला हक्क मागतायत असं आपण धरून चालतो. आयर्लंडमध्ये मुलांना जन्माने असा हक्क नसतो. तिथल्या 1965 च्या वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र असलं तरी हयात जोडीदाराला ठरावीक वाटा मिळतोच, पण मुलांना ठरावीक वाटा नाही. आईवडिलांनी आपल्यासाठी योग्य तरतूद करण्याचं नैतिक कर्तव्य पाळलं नाही असं वाटलं तर ती कोर्टात जाऊ शकतात, आणि तेही आईवडील गेल्यानंतर. जिवंतपणी रोझलीन घर कुणालाही विकू शकते. त्यात आर्डीव्हिन हे तिच्या माहेरचं घर. ती कन्सिडाइन घराण्यातली, औषधाच्या दुकानवाल्यांची मुलगी, आणि पॅट मॅडिगन हा लहान शेतकरी. आपण खालच्या पायरीवर लग्न केलं हे तिच्या बोलण्यात वारंवार डोकावतं. म्हणजे मुलं अस्वस्थ होतात ती हिश्श्यासाठीच असं नाही. वर्षाकाठी दोन दिवसही जिथे राहवत नाही ते घर जाणार म्हटल्यावर पोटात खड्डा का पडतो, हे त्यांनाच कळत नाही.

तिसरी गफलत 'नटसम्राट'ची. मालमत्तेचा निर्णय घेणारं म्हातारं माणूस आणि मग उघड्यावरचा वारा, यामागे शेक्सपिअरचं 'किंग लिअर' आहे हे इंग्रजी समीक्षकांनीही म्हटलंय, आणि शिरवाडकरांमुळे आपल्याला तो साचा पाठ आहे. पण तो साचा घेऊन गेलात तर तुम्ही कृतघ्न मुलं शोधत बसाल. इथे ती नाहीत. उलटं करून 'खरी खाष्ट आईच' म्हणाल तर रोझलीनच्या स्वतःच्या प्रकरणात अडखळाल, कारण तिथे ती हुशार, एकटी आणि अतिशय मजेदार आहे. तुलना हवीच असेल तर एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'शी करा. वडील गेल्यावर एकत्र आलेली भावंडं, बाहेर गेलेल्याला घराबद्दल वाटणारी ओढ आणि घरी राहिलेल्याला त्या ओढीचा येणारा राग, हे तिथे आपल्याच भाषेत आहे. फरक इतकाच की धरणगावच्या वाड्यात माणसं भांडतात तेव्हा मनातलं ओठांवर येतं. मॅडिगन मंडळी भांडतात ती नेहमी भलत्याच गोष्टीवरून.

म्हणून संवाद वाचताना शब्दांपेक्षा विषय कुठे वळला ते बघा. कुणी काही जिव्हाळ्याचं बोलू लागलं की पुढचं वाक्य हवेबद्दल किंवा खाण्याबद्दल येतं. तो वळण्याचा क्षण पेन्सिलीने खुणावत जा.

भाषेचं म्हणाल तर आयरिश इंग्रजीतले थोडेच शब्द नडतात, पण ते कोशात सापडले तरी चुकीचा अर्थ देतात. ही यादी फक्त या पुस्तकापुरती नाही, कुठल्याही आयरिश कादंबरीला चालेल. 'प्रेस' म्हणजे भिंतीतलं किंवा स्वयंपाकघरातलं कपाट. 'गिव्हिंग आउट' म्हणजे रागावणं, बोल लावणं. वाटप करणं नव्हे. 'बोल्ड' मूल म्हणजे धीट नव्हे, वात्रट. 'युअर मॅन' म्हणजे तुझा नवरा नाही, 'तो बुवा'. 'यी' हे अनेकवचनी 'तुम्ही'. 'द गार्ड्‌स' म्हणजे पोलीस. 'आय अ‍ॅम आफ्टर डूइंग इट' म्हणजे 'आत्ताच केलं'. 'करायच्या मागे आहे' असा अर्थ लावलात तर घटनांचा क्रमच उलटा होईल. ही रचना मूळ आयरिश भाषेतून इंग्रजीत आली. आणि 'ग्रँड'. 'आय अ‍ॅम ग्रँड' म्हणजे भव्य वगैरे काही नाही, आपण कपाळाला आठ्या घालून 'ठीक आहे' म्हणतो तसं. कुणी दोनदा 'ग्रँड' म्हणालं तर समजा काहीतरी बिनसलंय.

आयरिश नावांचा उच्चार आधी ऐकून घ्या, नाहीतर डोळा दर वेळी अडखळतो. 'बीएच' आणि 'एमएच' या जोड्यांचा उच्चार बहुधा 'व'च्या जवळ जातो, म्हणून लिहिलेलं भलतंच दिसणारं नाव प्रत्यक्षात 'शिव्हॉन' किंवा 'नीव्ह' असतं. मॅडिगनांची नावं सोपी आहेत, तो त्रास इथे कमी. पण रोझलीन या नावावर थोडं थांबा. जेम्स क्लॅरेन्स मँगन यांची 1846 मधली 'डार्क रोझलीन' ही कविता तिथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. त्यात रोझलीन म्हणजे खुद्द आयर्लंड, जिच्यासाठी मुलगे झुरतात. मुलं परदेशी गेली म्हणून उसासे टाकणाऱ्या आईला हे नाव देणं ही लेखिकेची तिरकी चेष्टा आहे. ती ओळखून पुढे जा. 'रोझलीन म्हणजे देश' असं समीकरण मांडून वाचलंत तर शहात्तर वर्षांची जिवंत बाई हातातून निसटेल आणि फक्त प्रतीक उरेल. परीक्षेच्या उत्तरांत हे फार होतं.

शब्द किती शोधायचे? पहिल्या वाचनात एका बैठकीला पाचपेक्षा जास्त नकोत. बाकीच्यांखाली रेघ मारून पुढे चला. एका बैठकीला पंचवीस पानं धरली तर बारा-तेरा बैठकांत पुस्तक होतं. पहिल्या भागात प्रकरण संपलं की एक दिवस मधे जाऊ द्या; ती फट लेखिकेने ठेवलीच आहे, तुम्हीही ठेवा. दुसरा भाग मात्र सलग आणि वेगात वाचा, कारण तिथे सगळे एकाच छपराखाली असतात आणि दृष्टिकोन भराभर बदलतो. निवेदन तृतीयपुरुषी राहतं, पण शब्द ज्याच्या डोक्यात आपण असतो त्याचे होतात. परिच्छेद सुरू झाला की पहिल्या दोन ओळींत विचारा, 'हे कुणाचं डोकं?' हॅनाच्या भागात वाक्यं दारूने जड असतात, डॅनच्या भागात वस्तूंचा दर्जा पारखणारी नजर असते, कॉन्स्टन्सच्या भागात याद्या असतात. हे एकदा कानात बसलं की नाव वाचायच्या आधीच माणूस कळतो.

शेवट सांगत नाही, पण शीर्षकातली वाट कुठली ते सांगायला हवं. क्लेअरच्या उत्तर किनाऱ्यावर बरेन नावाचा चुनखडीचा प्रदेश आहे: मैलोन्‌मैल करडा, उघडा खडक, भेगांमधून उगवलेली फुलं, खाली अटलांटिक आणि समोर अरन बेटं. त्यातून जाणारी, डांबर न पडलेली जुनी गवताळ पायवाट म्हणजे ग्रीन रोड. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. नाताळच्या दिवशी जेवणानंतर रोझलीन गाडी घेऊन निघते आणि त्या वाटेवर चालू लागते. ही पानं वाचण्याआधी बरेनचे दोन-चार फोटो जरूर बघा. 'हिरवी वाट' म्हटल्यावर आपल्याला कोकणातली पाणंद दिसते, दोन्ही बाजूंना झाडी आणि सावली. तिथे आडोशाला झाडच नाही, आणि वाऱ्यात शहात्तर वर्षांचं माणूस अंधारात अडकलं तर काय होईल, ही भीती झाडी डोळ्यांसमोर ठेवून वाटणार नाही. तिच्या मागे शोधायला निघालेली चार मुलं टॉर्च आणि फोन घेऊन काय हाका मारतात, आईला कुठल्या नावाने, तेही बघा. पहिल्या प्रकरणात ती बहुतेक 'आई' असते.

वाचून झाल्यावर लगेच पहिलं प्रकरण पुन्हा काढा. डॅनबद्दल काय काय तिथेच लिहून ठेवलं होतं ते आता दिसेल.

वाचनमंडळात घेणार असाल तर पहिला प्रश्न 'चूक कुणाची?' हा ठेवू नका. दहा मिनिटांत सगळे आपापल्या आयांवर येतात आणि पुस्तक राहतं बाजूला. त्याऐवजी चार जणांना चार मुलं वाटून द्या. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या मुलाला दिसलेली आईच फक्त सांगायची, दुसऱ्या प्रकरणातला पुरावा वापरायचा नाही. पाचव्याने रोझलीनची बाजू शेवटी मांडायची. तासाभरात पाच वेगळ्या बायका टेबलावर येतात.

इतकं करूनही न्यूयॉर्कचं प्रकरण नकोच वाटलं तर ते सोडून लिमरिककडे जा, दुसऱ्या भागाआधी परत या. बिघडत काही नाही. फक्त हॅनाची वाट बघत बसू नका; पहिल्या प्रकरणात ती आहे म्हणून ती नायिका असं नाही, ती बऱ्याच पानांनी परत भेटते आणि तोवर सदतीस वर्षांची झालेली असते.

यानंतर काय, असं विचाराल तर एनराइट यांचीच 'द गॅदरिंग' आहे, 2007 चं बुकर मिळालेली, पण ती जास्त काळोखी आहे आणि तिची निवेदिका स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवत नाही. लगेच घेऊ नका. कोल्म टोबीन यांची 'नोरा वेब्स्टर' आधी घ्या: एक विधवा, एक लहान गाव, सरळ कालक्रम, वाक्यं स्वच्छ. आणि मोठा पल्ला झेपत असेल तर पॉल मरी यांची 2023 ची 'द बी स्टिंग', साडेसहाशे पानांच्या आसपास. तिथे इमेल्डा या आईच्या भागात पूर्णविराम नाहीत. घाबरू नका, नवं वाक्य मोठ्या अक्षराने सुरू होतं. पहिली दोन पानं मोठ्याने वाचा. दम कुठे घ्यायचा ते जिभेला आपोआप कळतं, मग डोळ्यांनी वाचायला हरकत नाही.